आठ इंचांच्या पंख्याने खाल्लेला महिना

आमच्याकडे ठेचा करायचा म्हणजे आधी घोषणा व्हायची. तव्यावर मिरच्या पडल्या की हॉलमधला माणूस खोकत गॅलरीत जायचा आणि समोरच्या काकू दार लोटून घ्यायच्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तो धूर बाहेर काढणारा पंखा बसव बाई एकदाचा."

चिमणीचा विचार केला होता. पण आमचा गॅस खिडकीखालच्या ओट्यावर आहे, तिथे चिमणी टांगायला भिंतच नाही. मग एक्झॉस्ट फॅनच, असं ठरलं. मला वाटलं, तासाभराचं काम. पुढचा अख्खा महिना त्यातच गेला.

पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली गाठली. तिथे पहिल्याच दुकानदाराने न विचारता सहा इंचीचा खोका पुढे केला. "सगळे हाच नेतात, ताई." नशिबाने मी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. तिथे पंखा तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. खरं बघायचं ते हेच. रंग आणि वॉरंटी नंतर. त्या खोक्यावर २५० होतं. पुरेसं आहे का, हे सांगता येईना, म्हणून हात हलवत घरी आले आणि टेप काढली.

स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट, उंची साडेनऊ. म्हणजे ७६० घनफूट. एका घनमीटरमध्ये साधारण ३५ घनफूट, म्हणजे साडेएकवीस घनमीटर. स्वयंपाकघरातली हवा तासाला पंधरा-वीस वेळा बदलावी असा ठोकताळा आहे. आमच्या घरी फोडणी आणि तळण दोन्ही जोरात, म्हणून वीस धरले. उत्तर आलं ४३०. वर खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, मागे झडपा लागल्या की तो घटतोच. सहा इंची बाद झाला. पाचशेच्या पुढचा आठ इंची घेतला, बॉल बेअरिंगचा. बुशवाला, म्हणजे गोळ्यांऐवजी नुसत्या धातूच्या नळीत दांडा फिरणारा, स्वस्त होता, पण त्यातलं तेल सुकलं की तो कुरकुर करायला लागतो, हे माहेरच्या पंख्यामुळे ठाऊक होतं.

घरी आणला आणि खरी फजिती झाली. आठ इंच हा फिरत्या पात्यांचा व्यास, भोकाचं माप नव्हे! चौकटीसकट त्याला दहा इंचांचं भोक हवं होतं आणि खिडकीच्या वरची काच होती जेमतेम नऊ इंच उंच. ज्या काचेत बसवायचा तीच मोजली नव्हती मी. खोली तेवढी मोजली, इंच-इंच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं.

अॅल्युमिनियमवाल्याने मार्ग काढला. सरकत्या खिडकीच्या एका पल्ल्याची काच काढून तिथे एसीपी शीट (दोन पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) घातली, त्यात वरच्या बाजूला भोक पाडलं आणि तो पल्ला स्क्रूने कायमचा जाम केला. बाहेरून झडपा घेतल्या, पंखा बंद असताना त्या आपोआप मिटतात. त्यामुळे कबुतरं आत येत नाहीत आणि पावसाची झडही अडते. स्विच गॅसपासून लांब, दाराजवळ.

पहिल्या दिवशी मुद्दाम मिरच्या भाजल्या. पंखा जोरात फिरतोय आणि आम्ही सगळे खोकतोय! मला रडूच यायचं बाकी होतं. मग उदबत्ती लावून ओट्यापासून दारापर्यंत फिरवली. दाराजवळचा धूर जागचा हलेना. पंख्याशेजारचा पल्ला मी सवयीने उघडा ठेवला होता. तिथून बाहेरची ताजी हवा यायची ती थेट पंख्यातून परत बाहेर. खोलीतल्या हवेला कोणी विचारतच नव्हतं. शिवाय त्या झोताने गॅसची ज्योत फडफडायची, ती वेगळीच.

पल्ला बंद केला, तर स्वयंपाकघराचं दार धाडकन ओढलं गेलं आणि पंख्याचा आवाजच बदलला. हवा जायची तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी ना. दाराला पाचर लावली, हॉलची खिडकी उघडली आणि उदबत्तीचा धूर दारापासून ओट्यावरून सरळ पंख्याकडे निघाला. एखाद्या शाळेच्या रांगेसारखा. त्या दिवशी समोरच्या काकूंनी दार लोटलं नाही.

आता पंधरा दिवसांनी पुढची जाळी काढून गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड आणि थोडा सोडा घालून भिजवते. पाती ओल्या फडक्याने पुसते, मोटरला पाणी लागू देत नाही, आणि हे सगळं मेन स्विच बंद करूनच. महिनाभर विसरलं तर तेल असं चिकटतं की नख लावून खरवडावं लागतं.

एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. शेवटची फोडणी झाल्यावर पंखा आणखी दहा मिनिटं चालू ठेवायचा असतो, आणि सासूबाईंची मालिका नेमकी तेव्हाच सुरू होते. "काही ऐकू येत नाही गं," म्हणत त्या तो बंद करतात. मी परत लावते. त्या परत बंद करतात.