जुलैत माती वाळवून आणा म्हणे!

मिरगाला पेरलेली चवळी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग मधली. हात लागला की देठासकट गळायची. घर गुहागरजवळ, परड्यात जांभ्याची लाल माती, आणि मी तीस वर्षं मुंबईत काढून आलेला चाकरमानी. पिवळं म्हणजे नत्र कमी, एवढं कुठेतरी वाचलेलं. मूठभर युरिया टाकला. चार दिवसांत उरलेल्यातली निम्मी पानं खाली.

म्हटलं, अंदाजपंचे पुरे, माती तपासून घेऊ.

तालुक्याला एका कार्यालयात अर्ज घेतला. त्यात गट क्रमांक, सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ कैलासवासी, माझं नाहीच. पण त्यावरून अडलं नाही. अडलं ते पिशवी उघडल्यावर. खिडकीतल्या साहेबांनी चिमूटभर माती बोटांत चुरडायला घेतली, तिची गोळी झाली. "ओली आहे. सावलीत वाळवून आणा."

"साहेब, जुलै आहे."

"उन्हात नको, चुलीवर तर नकोच. भाजलेल्या मातीचे आकडे चुकतात." आणि पुढचा माणूस.

ज्या महिन्यात बनियन चार दिवस वाळत नाही, त्या महिन्यात अर्धा किलो माती! माजघरात पंख्याखाली पेपरवर पसरली. दुसऱ्या दिवशी पेपरलाच बुरशी आली. मग दीड दिवस वीज नाही. तिसऱ्या रात्री मांजराने त्या मातीचा मांजरं करतात तो उपयोग केला. झालं, नमुना पुन्हा पहिल्यापासून. छत्री खांद्याला लावून चार-पाच ठिकाणी वीतभर खड्डे, कडेची माती खरवडायची, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. शेणखताच्या ढिगाजवळची, बांधावरची, झाडाखालची माती घ्यायची नाही. हे सगळं सोपं आहे, एप्रिलमध्ये. तुम्हाला करायचं असेल तर मेच्या आत उरका, माझ्यासारखी शोभा करून घेऊ नका.

दुसरा नमुना वाळायला नऊ दिवस लागले. घेऊन गेलो तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला घेतला. अहवाल कधी? "येईल." कधी येईल? "आला की येईल." एसटीत बसून घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकी कुंपणाशी आल्या. न विचारता एक वेल उपटला आणि मुळं माझ्या नाकासमोर धरली. तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. "अरे, पागोळीखाली कोण चवळी लावतो? पाय बुडालेत तिचे." मी वर बघितलं. कौलांची धार बरोबर आळ्यात पडत होती. ते आळंही मीच हौसेने खोलगट केलेलं. मुळांना हवाच मिळत नव्हती, तर वर पानं टिकणार कशी? मग त्यांनी स्वतःच्या परड्यातला वेल दाखवला. मुळं पांढरी, त्यावर बारीक गाठी. एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी. म्हणजे गाठी कामावर आहेत, हवेतला नत्र वेलाला मिळतोय. माझा युरिया फुकट तर होताच, वर कुजणाऱ्या मुळांना त्रासही.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. भिंतीपासून चार हात लांब हातभर उंच गादीवाफा, कुजलेलं शेणखत, कडेने चर. कुजलेले वेल उपटून लांब टाकले, दोन बरे होते ते राहू दिले. आठवड्याने नवं बी टोकलं. यावेळी एकही पान अवेळी पिवळं झालं नाही. शेंगा धरल्यावर तळाची दोन-चार पानं गळाली. ती वय झालेली पानं, त्यांची काळजी नको.

हो, मावा राहिलाच. शेंड्यावर काळे किडे आणि मुंग्यांची रांग दिसली की पानाखालून साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा, संध्याकाळी, पाऊस उघडला की. पानावर हिरवे-पिवळे चट्टे पसरत असतील तर मात्र तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही, वेल उपटाच.

अहवाल दसऱ्याच्या आठवड्यात आला. बारा आकडे, सामू (pH) 5.4, म्हणजे माती आंबट. तोवर आमच्याकडे चवळीच्या शेंगांची भाजी तीनदा झालेली, काकींकडे एकदा पोहोचवून. आंबटपणा कमी करायला चुना, तोही पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळायला हवा. नोव्हेंबरात त्याच वाफ्यात कडवे वाल टाकायचेत, चुन्याची पिशवी पडवीत आणून ठेवली आहे, मांजराच्या जागेपासून लांब.