आबांचे 46 महिने

गेल्या आठवड्यात आबांच्या पेन्शनचं उत्तर आलं. म्हणजे पेन्शन नाही आली, नुसतं उत्तर आलं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमचं गाव, आबांचं वय आता पंच्याहत्तरीच्या आसपास. 1970 ला टेरिटोरियल आर्मीत भरती झाले आणि 1987 ला सुटले. टेरिटोरियल म्हणजे काय हे गावात निम्म्या लोकांना अजून कळत नाही, त्यांना वाटतं एनसीसीसारखं काहीतरी असेल. तसं नाही ते. घरची शेती आणि तंबाखूच्या वखारीतलं काम सांभाळून वर्षाला दोन महिने कॅम्पला जायचं, आणि सरकारनं बोलावलं की सगळं टाकून वर्दी चढवायची आणि मग नेहमीच्या पलटणीतला जवान काय आणि तुम्ही काय, सारखंच. असं बोलावून घेण्याला 'एम्बॉडी' करणं म्हणतात. आबा म्हणतात, "बाडीवर घेतलं". 71 च्या लढाईला त्यांना असंच बाडीवर घेतलं ते 14 महिन्यांनी सोडलं. रेल्वेच्या पुलावर पहारा, पंजाबची थंडी, हे आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ती थंडी मलाच वाजलीय असं वाटतं.

आमच्या आळीत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले तिघं आहेत. बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग, पूर्ण नोकरी, मग पेन्शन, कँटीन कार्ड, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची सोय. आबांना कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षाचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या योजनेचे, महिन्याला 1200 येतात, तेही अंगठा मशीनवर उठला तर. पैशाचं दुखणं आहेच, पण खरं दुखणं वेगळं आहे. पारावर बसलं की त्या तिघांतलं कोणीतरी हसत म्हणतं, "आबा, तुम्ही हंगामी फौजी!" त्यावर आबा काही बोलत नाहीत. रात्री माझ्याकडं येतात. "आरं, बंदूक काय हंगामी हुती व्हय? बघ की जरा त्या मोबाईलात."

बघितलं. टेरिटोरियलच्या जवानाला पेन्शन मिळते, नाही असं नाही, पण एम्बॉडी सेवा 15 वर्षं भरली पाहिजे. तुकड्या तुकड्यांची सेवा जोडून धरतात, मधला गॅप मात्र मोजत नाहीत. मग मी आणि आबा वहीवर हिशोब करत बसलो. 16 कॅम्प, दोन महिन्यांप्रमाणे 32. त्यात 71 चे 14. झाले 46 महिने. कॅम्पसुद्धा सगळे धरून! चार वर्षंपण नाहीत. मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली, मोठ्यानं काही म्हणालो नाही. आबांनीच विचारलं, "पंधराला किती कमी पडल्यात?" म्हटलं, आबा, अकरा वर्षं. "मंजे मी सतरा वरीस नुसता हिंडलो." यावर काय बोलणार.

पेन्शन नसलेल्यांसाठी संरक्षण मंत्र्यांच्या फंडातून एक मदत आहे, हवालदारपर्यंतच्या, 65 च्या पुढच्या माजी सैनिकाला. पूर्वी महिना 4000 होती, 2025 ला 8000 केली. मी खूश झालो, म्हटलं हे तर आबांसाठीच काढलंय. आता गंमत ऐका. मदत पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला, आणि टेरिटोरियलचा माणूस माजी सैनिक कधी धरतात, तर त्याला एम्बॉडी सेवेची पेन्शन असेल तर! नाहीतर नोकरीमुळं अपंगत्व आलेलं पाहिजे, नाहीतर शौर्यपदक पाहिजे. म्हणजे आबांना पेन्शन नाही म्हणून ते माजी सैनिक नाहीत, आणि माजी सैनिक नाहीत म्हणून पेन्शन नसलेल्यांची मदतपण नाही. मी हे तीनदा वाचलं. एका ऑफिसात जाऊन विचारलं तर तिथल्या साहेबांनी फॉर्म पुढं सरकवला, पहिलाच रकाना पीपीओ नंबरचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर. म्हटलं तोच नाही म्हणून तर आलोय. तर म्हणे मग कशाला आलाय.

तरी आबांच्या हट्टापायी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, 2019 च्या पुरात गेलं, लगदा झाला त्याचा. फौजेतला नंबर कुठून आणायचा? तर आबांनी कोनाड्यातून संग्राम मेडल (71 च्या लढाईच्या वेळच्या सेवेचं, शौर्याचं नव्हे) काढलं, धोतराच्या सोग्यानं कड पुसली आणि माझ्यापुढं धरलं. नाण्याच्या कडेला खाचा असतात ना, तसं त्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं. मोबाईलची टॉर्च लावून, मेडल फिरवत फिरवत, एकेक आकडा लिहून घेतला. पन्नास वर्षं ते तिथं होतं आणि घरात कोणाला माहीत नव्हतं.

उत्तरात लिहिलंय की पेन्शन नसलेल्यांची कागदं 25 वर्षांनी नष्ट करतात, तशी ती केलेली आहेत, लाँग रोलमध्ये, म्हणजे कायम ठेवायच्या नोंदवहीत, तेवढी नोंद आहे. खाली ती नोंद, एक ओळ. नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख. आणि पेन्शनला पात्र नाही.

मी वाचून दाखवलं. आबांनी कागद घेतला, नंबरावर बोट ठेवून मेडलच्या कडेशी ताडून बघितला. "बराबर हाय." मग निपाणीला जाऊन लॅमिनेशन करून आणायला सांगितलं, दोन्ही बाजूनं. आता तो कागद घेऊन पारावर जातात, त्या तिघांना मुद्दाम वाचायला देतात, शेवटची ओळ आली की स्वतःच बोटानं झाकतात.

काल रात्री परत आले, बरोबर पलीकडच्या गावचे एक म्हातारे, लंगडत. आबांच्याच पलटणीतले. "ह्याचं बी बघ." यांचा पाय कॅम्पात मोडलेला, 1979 ला, तेव्हापासून लंगडतात. म्हणजे यांचं अपंगत्वाच्या पेन्शनवर काहीतरी होऊ शकतं, पण मिलिटरी हॉस्पिटलचा कागद पाहिजे. कागद आहे म्हणतात, पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर, पूर तिथवर पोचला नव्हता. रविवारी जायचंय बघायला.