डिगलीपूर: नकाशात वीतभर, रस्त्याने अख्खा दिवस

पोर्ट ब्लेअरहून अंदमानच्या उत्तर टोकाच्या डिगलीपूरला सात तासांत पोहोचवतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून गाडी ठरवू नका. आम्ही ठरवली. पहाटे ४ ला निघालो आणि रात्री ९ ला डिगलीपूरजवळच्या कालीपूरला उतरलो. १७ तास. हाडं खिळखिळी झाली, ते एक सोडा. पण एवढ्या लांब येऊन पहिला अख्खा दिवस हातचा गेला.

आपली माणसं अंदमानला जातात ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचे, स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) दोन रात्री राहायचं, मधल्या एका दिवशी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या आणि परतायचं. यातलं बाराटांग हे वेगळ्या जिल्ह्यात आहे, हे तिथे जाऊन आलेल्या फार थोड्यांना माहीत असतं. उत्तर व मध्य अंदमान हा जिल्हा २००६ साली वेगळा झाला. मुख्यालय मायाबंदर, तहसिली तीन: रंगत, मायाबंदर, डिगलीपूर. २०११ च्या जनगणनेत साऱ्या जिल्ह्याची वस्ती लाखाच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी, आणि ती दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेली. बाराटांग, मध्य अंदमान, उत्तर अंदमान अशी बेटामागे बेटं, आणि त्यांना ओवणारा रस्ता एकच. तो अडला की जिल्हा अडला.

हा अंदमान ट्रंक रोड, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४. पोर्ट ब्लेअर (तिकिटांवर आता श्रीविजयपुरम्, नाव २०२४ मध्ये बदललं) ते डिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आपण हिशेब करतो, ताशी पन्नास धरले तर साडेसहा तास. हा हिशेब डोक्यातून काढून टाका. जिरकाटांगच्या नाक्यापासून मिडल स्ट्रेट या खाडीपर्यंत रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे गाड्या ठरावीक वेळीच, पोलिसांच्या पहाऱ्यात, ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सकाळी ६ च्या सुमाराला. प्रत्येक गाडीचा अर्ज लागतो, त्यात सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक. आमच्या चालकाने तो भरलाच नव्हता. आम्ही सव्वापाचला नाक्यावर हजर होतो, तरी पहिला ताफा डोळ्यांदेखत निघून गेला आणि नऊपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहिलो. तेव्हा आदल्या रात्रीच चालकाला फोन करा, अर्जाचं विचारा, ओळखपत्रांच्या छायाप्रती स्वतःजवळ ठेवा.

जंगलात थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही. हे नियम मनापासून पाळा. आमच्या पुढच्या गाडीतली मंडळी वळणावळणावर मोबाइल काचेला लावत होती. ते पाहून फार वाईट वाटलं. जारवा कुणाला दिसण्यासाठी तिथे राहत नाहीत. हा पट्टा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. रस्ता अजून चालू आहे, कारण पलीकडे लाखभर माणसं राहतात आणि त्यांना जायला-यायला दुसरी धड सोय नाही. त्यांचं जाणं मी समजू शकतो. नुसत्या गुहा बघायला एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्यांच्या गाड्या मात्र कमी व्हायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिडल स्ट्रेटला गाडी फेरीबोटीवर चढवून बाराटांगला न्यावी लागते. दाभोळची फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना नवल वाटणार नाही. फक्त इथे ताफ्यातल्या सगळ्या गाड्या एकदम येऊन थडकतात. दीड तास गेला. इथेच चालकाने फेरीबोटीचे म्हणून दीड हजार वेगळे मागितले. पावती दाखवा म्हटलं, तर विषय संपला. गाडी ठरवतानाच फेरीबोट, चालकाचं जेवण, राहणं आणि रिकाम्या परतीचं भाडं हे सगळं धरून एकच आकडा लिहून घ्या. पुढची हंफ्री खाडी आता पुलावरून ओलांडता येते, तेवढा वेळ वाचतो.

खरा त्रास रंगतच्या पुढे. आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरण चालू होतं. डोंगराची एक बाजू कापून ठेवलेली, खडी अंथरलेली आणि डांबराचा पत्ता नाही. मध्येच पन्नास मीटर गुळगुळीत लागायचं आणि लगेच पुन्हा खड्डे. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. काचा बंद ठेवूनही दातांवर लाल माती कचकचत होती. त्यात हे लक्षात ठेवा, की घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य इथे फार लवकर मावळतो. डिसेंबरात पाच वाजले की संध्याकाळ, साडेपाचला मिट्ट काळोख. बिलीग्राउंडच्या पुढे सगळा रस्ता अंधारात कापला. समोरून ट्रक आला की आमचा चालक कापलेल्या कड्याला गाडी चिकटवून थांबायचा आणि सगळे गप्प बसायचे. पुन्हा जायची वेळ आली तर मी रंगतला मुक्काम करीन. एका दिवसात डिगलीपूर करू नका, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर नाहीच नाही.

याहून बरा मार्ग मला परतताना कळला. पोर्ट ब्लेअरहून किंवा स्वराज द्वीपहून रंगतला सरकारी बोट जाते. रोज नसते, तिकिटं मिळवायला खटपट करावी लागते, पण जारवांचं जंगल टळतं आणि रस्त्याचा निम्मा भाग वाचतो. बोटीचा वार आधी बघा आणि बाकीची सहल त्याभोवती बसवा.

डिगलीपूरचे दोन दिवस छान गेले. रॉस आणि स्मिथ ही बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, बोट एरियल बेच्या जेट्टीवरून सुटते. भाडं माणशी नसतं, पूर्ण बोटीचं असतं. एकटे-दुकटे असाल तर सकाळी लवकर जाऊन जेट्टीवरच सोबत शोधा. आणि चौकशी करताना ‘रॉस अँड स्मिथ’ असंच म्हणा, कारण पोर्ट ब्लेअरसमोर दुसरं रॉस आहे. त्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून रॉसच.

डिगलीपूरजवळचं सॅडल पीक हे शिखर ७३२ मीटर. कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून सह्याद्रीत फिरणारे त्याला हलक्यात घेतात, आम्हीही घेतलं. पण ही उंची समुद्राच्या पाण्यापासून चढायची आहे. लामिया बेपासून एका बाजूने ८ किलोमीटर, सुरुवातीचं अंतर किनाऱ्याने, आणि मग दाट जंगलात असा दमट उकाडा की सदरा पिळून काढावा. माणशी चार लिटर पाणी न्या. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून सहाच्या आत पाय उचला. माथ्यावर पोहोचलो तेव्हा खाली सगळीकडे हिरवं रान आणि कडेला निळं पाणी, एकही इमारत नाही. रस्त्याचा सगळा शीण त्या दहा मिनिटांत उतरला. पुन्हा सांगाल तर पुन्हा चढेन.

परतीला सरकारी बस घेतली. चालकाला खड्डा न् खड्डा पाठ, खाजगी गाडीपेक्षा ती कितीतरी बरी. शेजारी एक बंगाली आजी होत्या, पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसलेल्या कुटुंबातल्या. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. बस आदळली की त्या पाकीट दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायच्या, आणि गुडघ्याला लागलेल्या हादऱ्याने डोळे मिटायच्या. जिल्ह्याचं रुग्णालय मायाबंदरला, म्हणून महिन्यातून एकदा हा प्रवास. मायाबंदर मुख्य रस्त्यावर नाही, फाट्यावरून आत जावं लागतं. त्या फाट्यावर उतरल्या आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत उन्हात उभ्या राहिल्या. आम्ही आयुष्यात एकदा हा रस्ता सोसला. जिल्हा वेगळा झाला तेव्हा निदान पोर्ट ब्लेअरची वारी वाचली असेल त्यांची, पण मायाबंदरपर्यंतचा रस्ता तरी आधी पुरा व्हायला हवा, असं तिथे फार वाटलं.

बसचं परतीचं तिकीट डिगलीपूरला पोहोचल्या दिवशीच काढा, पहाटेची गाडी लवकर भरते. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका, मध्ये एक अख्खा दिवस मोकळा सोडा.