बाटलीत मुरलेला पावसाळा

जुलैतल्या एका सकाळी, लागोपाठ तिसऱ्या पेलेटचा, म्हणजे पूड दाबून भाजलेल्या चकतीचा, विद्युतरोध पुन्हा अपेक्षेच्या दीडपट आला आणि मोजमापाच्या उपकरणावरचा माझा विश्वास उडाला. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तेव्हा मी पीएच.डी.चे काम करत होते. पेलेट लँथॅनम कोबाल्टाइटची, म्हणजे लँथॅनम आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडची होती आणि तिच्यात लँथॅनमच्या ५ टक्के जागी स्ट्रॉन्शियम घातलेले होते. अशा पदार्थाचे एक टोक तापवून दुसरे थंड ठेवले की दोन टोकांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे मिळणारा हा दाब म्हणजे सीबेक गुणांक. खोलीच्या तापमानाला बिस्मथ टेल्युराइड हा अशा कामातला नेहमीचा पदार्थ याहून कितीतरी सरस ठरतो, पण सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा उपयोग उरत नाही, तर ऑक्साइड मुळात हवेतच भाजून तयार होत असल्यामुळे उघड्या हवेतल्या उष्णतेचे त्यांना वावडे नसते. (आमच्या कोबाल्टाइटचा सीबेक गुणांक तापमान चढल्यावर घसरतो, ही अडचण आहेच, पण तो वेगळा विषय.)

कोड्यात पाडणारी गोष्ट अशी की सीबेक गुणांक जवळपास बरोबर येत होता. रोध चुकतो आणि सीबेक जुळतो, म्हणजे दोष जोडणीत असणार, असे मी धरून चालले होते. म्हणून चांदीची पेस्ट बदलली, पृष्ठभाग घासला, चारही तारा नव्याने लावल्या. खरे तर हेच लक्षण वीज नीट न वाहणारे परके कण पेलेटमध्ये विखुरलेले असतानाही दिसते, कारण असे कण प्रवाहाची वाट अडवतात, पण थोड्या प्रमाणात असले तर सीबेकला फारसा धक्का लावत नाहीत. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, वेळेवर आठवले मात्र नाही. क्ष-किरण कोणत्या कोनांत परावर्तित होतात त्यावरून पदार्थ ओळखणाऱ्या एक्स-रे विवर्तनाच्या आलेखातही परके शिखर दिसले नव्हते. तांब्याच्या नळीच्या क्ष-किरणांनी कोबाल्ट स्वतःच चमकू लागतो आणि त्या वाढलेल्या पार्श्वभूमीत लहान शिखरे बुडून जातात. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून आदल्या रात्री अगदी सावकाश स्कॅन लावला होता. त्यात ३६.९ अंशांच्या कोनापाशी कोबाल्ट ऑक्साइडचे बुटके शिखर उभे होते.

म्हणजे कोबाल्ट उरला होता, आणि मी तर चार दशांश स्थळांपर्यंत वजने करून सारे मिसळले होते!

दुपारी प्रयोगशाळेतले मामा टेबल पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, हा चुना कुणी सांडलाय? पुसून टाकू?" तो चुना नव्हता. पेलेट दाबायचा नवा साचा (डाय) तपासण्यासाठी मी निव्वळ लँथॅनम ऑक्साइडची एक पेलेट दाबून भाजली होती आणि तीन दिवसांपूर्वी उघड्या पेट्री डिशमध्ये ठेवली होती. तिचे आता पीठ झाले होते, डिशच्या काठाबाहेर सांडले होते. कळीचा चुना पावसाळी हवेत जसा आपोआप फुलून विरतो, तसाच लँथॅनम ऑक्साइड हवेतले पाणी घेऊन हायड्रॉक्साइड होतो. माझ्या पेलेटसाठी याच ऑक्साइडची एप्रिलमध्ये उघडलेली बाटली मी रोज उघडत होते, आणि तिच्या लेबलावरच्या ९९.९९ टक्के शुद्धतेचा पाण्याशी काहीही संबंध नव्हता.

बाटलीतली २.००० ग्रॅम पूड मुशीत घालून १००० अंशांवर तापवली, गरम असतानाच डेसिकेटर या ओलावा रोखणाऱ्या बंद भांड्यात ठेवली आणि निवल्यावर तोलली: १.७४२ ग्रॅम. सगळीच पूड हायड्रॉक्साइड झाली असती, तर सुमारे १.७१५ ग्रॅम उरली असती. म्हणजे अलीकडे मी जवळपास १३ टक्के लँथॅनम कमी घालत होते आणि तेवढा कोबाल्ट जोडीदाराविना उरत होता. १८३९ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडरला हे मूलद्रव्य सेरियमच्या ऑक्साइडमध्ये दडलेले सापडले, म्हणून 'लपून राहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. त्या संध्याकाळी ते नाव मला जरा जास्तच पटले.

चौथी पेलेट तापवून कोरड्या केलेल्या पुडीची केली. ३६.९ अंशांवरचे शिखर गेले, रोधही उतरला. मग राहिला एप्रिलपासूनच्या अकरा नमुन्यांचा प्रश्न. कोणत्या दिवशी पुडीत किती पाणी होते, याची नोंद असणे शक्यच नव्हते, म्हणून वजनांवर गुणक लावून त्यांना वाचवण्याचा मोह मी आवरला, वहीतली ती पाने तिरकी रेघ मारून रद्द केली आणि भट्टी पुन्हा १००० अंशांवर लावली.