तात्यांच्या तरव्यात आमची माती

२०२२ च्या जुलैचा पहिला आठवडा, सकाळी साडेसहाला फोन वाजला. आम्ही डोंबिवलीत, सिंधुदुर्गात कुडाळकडे आम्ही जमीन घेतलेली, तिथे तीन दिवस पाऊस कोसळतोय एवढंच बातम्यांतून माहिती. फोन शेजारच्या जमिनीवाल्या तात्यांचा. "वहिनी, जरा येवन बघून जावा. तुमची माती माझ्या तरव्यात इली हा." आवाज चढलेला नाही, शिवी नाही, काही नाही, आणि त्यामुळेच पोटात गोळा आला. त्याच रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडली.

तरवा म्हणजे भाताची रोपं. ज्यांनी पाहिलाय त्यांना तो पोपटी रंग माहितीच आहे, तसा हिरवा दुसऱ्या कशालाच येत नाही. आणि पंचवीस दिवसांचा तरवा म्हणजे अगदी काढायला आलेला, चार दिवसांत लावणी सुरू होणार होती. तात्यांचा दीड-एक गुंठ्याचा तरवा होता, त्यातला वरचा अर्धा लाल गाळाखाली गेलेला, फक्त रोपांचे शेंडे वर. मी हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला आणि खाली बोटांना बारीक जांभ्याची खडी लागली. त्या गाळातून नवऱ्याने एक सुतळी ओढून काढली, टोकाला खुंटी. ती आमचीच. मे महिन्यात घराची जागा आखायला आम्हीच ठोकलेली.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी कोकणात जागा घेतली आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच, जेसीबीवाल्याचा नंबर आहे का. मी नंबर देते पण आधी हे सगळं सांगते, फोनवर सांगून सांगून आता वाटलं की एकदा नीट लिहूनच काढावं.

तर जागा. कुडाळ तालुक्यात, ६२ गुंठे, सातबाऱ्यावर ०.६२.७० असं दिसतं, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, थोडा पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा भाग, खाली एक व्हाळ म्हणजे ओढा आणि व्हाळाच्या अलीकडे तात्यांची भातशेती. सासऱ्यांची साताऱ्याकडे शेती आहे आणि तिथल्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव आहे म्हणून घेता आली, नाहीतर १९४८ च्या कुळकायद्यातलं कलम ६३ आडवं येतं, शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही, हे आधी बघा. सातबाऱ्यावर अकरा नावं होती, त्यातली चार मुंबईत, एक बडोद्याला. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत नऊ महिने गेले. मग खरेदीखत, मग तलाठ्याकडे फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग सरकारी मोजणी. मोजणी आलीच पाहिजे, ती टाळून पुढे जाऊ नका, कोकणात बांधावरनं तीन तीन पिढ्या बोलणं बंद असलेली घरं आहेत. कागदांबद्दल एवढंच, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पाण्यावर मात्र कुणी लिहित नाही.

जागा ताब्यात आली जानेवारी २०२२ ला. तेव्हाच तात्या येऊन बसले होते, ऐनाच्या झाडाखाली, पान खात, आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "आधी एक पावस बघा, पाणी खंयसून येता नि खंय जाता ता बघा, मगे काय ता करा." आम्ही हो हो म्हटलं. पण मनात घाई होती. आम्हाला दोघांनाही पन्नाशीच्या आत तिथे राहायला जायचं होतं, आईची तब्येत, मुलीची बारावी, सगळी गणितं मांडून झालेली, आणि वाटलं की पावसाळ्याच्या आधी निदान सपाटी तरी करून ठेवू, पाया घालायला जागा तयार राहील. मे महिन्यात दोन दिवस जेसीबी लावला. करवंदीच्या जाळ्या काढल्या, गवत मुळासकट काढलं, वरच्या अंगाची माती खेचून खालच्या अंगाला टाकली आणि घरासाठी एक छान सपाट ओटा झाला. जेसीबीवाल्याचा काही दोष नाही, त्याला सांगितलं तसं त्याने केलं. संध्याकाळी आम्ही त्या ओट्यावर खुर्च्या टाकून चहा प्यायलो आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

आता पाण्याचा हिशोब बघा, हा मी नंतर वहीत मांडला, आधी मांडायला हवा होता. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही, बऱ्याच वर्षी त्याच्या वरच. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी. आमची जागा ६२७० चौरस मीटर. म्हणजे एका वर्षात आमच्या एकट्या जागेवर १ कोटी ८८ लाख लिटर पाणी पडतं! आणि त्यातलं बहुतेक सगळं चार महिन्यांत. एवढं पाणी उतारावरून खाली जाताना त्याला थोपवणारं काय होतं, तर ते गवत आणि त्या करवंदीच्या जाळ्या. ते आम्ही काढलं. खालच्या अंगाला टाकलेली भर मोकळीच होती, तिला धरून ठेवणारं एक मूळ नव्हतं, ती पहिल्या जोराच्या पावसात निघाली आणि तात्यांच्या तरव्यात जाऊन बसली.

आम्ही पैसे देऊ केले. नवऱ्याने पाकीट काढलं तसं तात्यांनी त्याचा हात धरून खाली केला. म्हणाले, "पैशे नको माका. माती तेवढी घेवन जावा, तुमकाच लागतली ती."

आणि खरंच आम्ही ती माती परत वर नेली. चार दिवस. तात्या, त्यांची सून, वाडीतल्या दोन बायका आणि आम्ही दोघं. फावड्याने गाळ खरवडून घमेल्यात भरायचा, ओला गाळ इतका जड की अर्ध्या घमेल्याच्या वर उचलत नव्हता, आणि पावसात निसरड्या चढावरून वर. पाय घसरायचा, घमेलं कलंडायचं, पुन्हा भरायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला कळलं की तात्यांची सून रोपांमधला गाळ हातानेच काढतेय, बोटांनी रोपांची एकेक जुडी बाजूला करून, फावडं लावलं तर मुळं तुटतील म्हणून. मी तिच्या शेजारी बसले. बऱ्यापैकी रोपं वाचली. कमी पडली ती तात्यांच्या मेव्हण्यांनी पलीकडच्या वाडीतनं दिली आणि लावणी आठ दिवस उशिरा का होईना पण झाली. लावणीला आम्ही थांबलो, दोघांची रजा संपेपर्यंत.

त्यानंतर पूर्ण पावसाळा आम्ही काहीही केलं नाही, फक्त बघितलं. दर पंधरा दिवसांनी एक शनिवार-रविवार जायचं आणि छत्री घेऊन भर पावसात जागेत फिरायचं. पाणी वरच्या कातळावरून दोन ठिकाणी आत शिरतं. एका जागी ते जमिनीत मुरतं आणि वीस पावलं खाली परत बाहेर येतं. व्हाळाजवळचा कोपरा पाऊस थांबला तरी ओला राहतो. आणि जिथे आम्ही घराचा ओटा केला होता ना, तिथून बरोबर पाण्याची वाट जाते, आम्ही घर नेमकं पाण्याच्या वाटेत बांधणार होतो. हे मे महिन्यात कोणालाही दिसलं नसतं, तिथे राहणाऱ्यालाच माहिती असतं.

दिवाळीनंतर चर मारायला घेतले. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, निघालेली माती खालच्या अंगाला बांध म्हणून. समतल रेषा काढायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, दोन टोकांना दोघं, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं की तिथे खुंटी. सोपं आहे, शाळेतल्या मुलांनाही जमेल, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. असे सात चर, प्रत्येक साधारण ६० मीटरचा. काही ठिकाणी सहा इंचावर कातळ लागला, पहार नुसती ठणठण वाजायची, तिथे खणलं नाही, दगडांची ओळ लावली. एकदा सातही चर भरले की त्यात ७५ हजार लिटर पाणी थांबतं, मुरतं, परत पुढच्या सरीला भरतं. बांधावर वाळा लावला. आणि गवत परत येऊ दिलं. खाली व्हाळात तात्या दरवर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालतातच, त्यात आता आमच्याही दोन सुट्ट्या जातात.

लागवड २०२३ ला. त्या वर्षी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अडकून बसला, खड्डे भरून तयार आणि आम्ही आभाळाकडे बघतोय. काजूची ४० कलमं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, सात मीटर अंतरावर, हापूसची पंधरा, आणि सहा रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं. रातांब्याचं एक सांगते, बी लावून झाड केलं तर ते नर निघेल का मादी हे फळायला येईपर्यंत कळत नाही आणि नर निघालं तर फळच नाही, म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या, आणि परागीभवनासाठी एखादा नर आसपास आहे ना बघून ठेवा. पहिल्या वर्षी जगवायचं म्हणजे उन्हाळा काढायचा. डिसेंबरपासून बुंध्याशी गवताचं आच्छादन, दुपारच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचा आडोसा. आच्छादन खोडाला टेकवलं तर वाळवी लागते, चार बोटं अंतर सोडा, आमची दोन काजू त्यात गेली. पाच वणव्यात गेली, २०२४ च्या फेब्रुवारीत वरच्या माळावरून आग आली. वणवा अडवायला दहा फुटांची पट्टी आम्ही सगळीकडून साफ केली होती, एका बाजूला राहिली होती, आग बरोबर तिथूनच आली. आता दिवाळी झाली की पहिलं काम तेच.

विहीर २०२४ च्या मे महिन्यात. पाणी कुठे लागेल ते सांगायला हातात नारळ घेऊन फिरणारे एक गृहस्थ येऊन गेले, त्यांनी घराजवळची जागा सांगितली, सोयीची. तात्यांनी खालचा कोपरा सांगितला, जिथलं गवत माघ संपला तरी हिरवं असतं. आम्ही तात्यांचं ऐकलं. वर जांभा, त्याला भोकंच भोकं, पाणी त्यातून आरामात जातं, आणि खाली चिकणमातीचा थर लागला की त्याच्यावर अडतं. १९ फुटांवर ओल, २६ ला थांबलो. खणून झाल्यावर आत उतरले तर भिंतीतून एका ठिकाणी बारीक धार येत होती, करंगळीएवढीसुद्धा नाही, तिचा आवाज मात्र विहीरभर घुमत होता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तोपर्यंत त्या उन्हाळ्यात झाडांसाठी पाच हजार लिटरचा टँकर मागवायला लागायचा, गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच यायची, तिथून पाईप.

२०२५ ला मे संपायच्या आतच मान्सून आला, पण तो यायच्या आधी मोजलं तेव्हा विहिरीत साडेतीन फूट पाणी होतं. या मेमध्ये मोजलं, पाच फूट. हे चरांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पाऊस लवकर आला, लांबला, दोन वर्षांवरून काही ठरत नाही. पण तात्यांच्या विहिरीचं पाणीही यंदा जास्त दिवस टिकलंय असं ते स्वतः म्हणतात, आणि तरव्यात त्यानंतर एकदाही गाळ आलेला नाही. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

"घर कधी बांधताय" हे नातेवाईक दर लग्नात विचारतात. सध्या मांगर आहे, दहा बाय बारा, चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं, पुढे पडवी. दोन माणसं मजेत राहतात, तिसरं आलं तर पडवीत. घराची जागा ठरलीय, वरच्या अंगाला कातळावर, पाण्याच्या वाटेपासून लांब. तिथून व्हाळ दिसत नाही याचं मला वाईट वाटतं, पण पाया कोरडा राहील. जुना ओटा तसाच ठेवलाय, त्यावर आता गवत आहे आणि करवंदीही परत फुटल्यात.

हो, एक पायवाट राहिली सांगायची. वाडीतली माणसं देवळात जायला आमच्या जागेतून जातात, पूर्वीपासून. एका हितचिंतकाने सल्ला दिला की कुंपण घालून बंद करा, पुढे त्यांचा वहिवाटीचा हक्क लागेल. आम्ही गडगा म्हणजे दगडांचं कुंपण घातलं पण वाटेवर आडदांडीचं फाटक ठेवलं, कुलूप नाही. त्या वाटेवरच ऐनाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड आहे, वर्षातून एकदा तिथे नारळ देतो, गाऱ्हाणं म्हणजे देवाला विनवणी तात्या घालतात, त्यात आता आमच्या दोघांचं नाव घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

परवा तात्यांचा फोन आला, दोन नंबरच्या चरात गाळ भरलाय आणि बांध एका जागी खचलाय. मृगाच्या आधी काढून झाला पाहिजे. शुक्रवारची तुतारी, दोन घमेली इथूनच घेतोय, तिथली फुटली आहेत.