आईच्या घरात कॅमेरा नाही, सेन्सर

बाबा गेल्यापासून आई कोथरूडला एकटीच राहते, वय ७८, आणि माझ्याकडे पिंपळे सौदागरला यायचं नावच काढत नाही. बरोबरच आहे तिचं, भाजीवाली, भजनी मंडळ, डॉक्टर सगळं तिथेच. दादा न्यू जर्सीहून म्हणत होता की प्रत्येक खोलीत कॅमेरा लावून टाकू, तर आईने एका वाक्यात निकाल लावला, "मी काय दुकान आहे का?" मला ते शंभर टक्के पटलं.

मग मोशन सेन्सर लावले. ते फोटोबिटो काढत नाहीत, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखतात बस. आई पहाटे साडेपाचला चहा टाकते, सातपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही तर मेसेज येतो. जे माझ्या फोनवर दिसतं ते तिच्याही फोनवर दिसतं, ही तिचीच अट. पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळही बघितलं, चांगलं आहे, पण सारखं चार्ज करायचं आणि आई अंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवते, पडायची भीती तर तिथेच जास्त.

राउटरला छोटा यूपीएस मात्र लावाच. गुरुवारी लाईट गेली की वायफाय बंद, मग मेसेज कुठून येणार.

पण माझ्या मते खरा प्रश्न आहे मेसेज पहिला कोणाला जातो. दादा कितीही जागा असला तरी तिकडून दार उघडू शकत नाही, आणि मला ट्रॅफिकमधून पोचायला तास लागतो. म्हणून पहिला मेसेज समोरच्या काकूंना, किल्लीही त्यांच्याकडेच. आणि कडी! आई लॅच लावून वर आतून कडी घालायची, मग बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य. सुताराला बोलावून ती कडीच काढली, बाथरूमलाही बाहेरून नाणं फिरवून उघडता येईल असं लॉक बसवलं. आई थोडे दिवस कुरकुरली, आता सवय झालीये. फोनजवळ ११२ आणि ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.

आता बाथरूमसाठी रडारवाला सेन्सर बघतेय, तो चित्र न घेता माणूस खाली पडलाय हे ओळखतो. पुण्यात कोणी बसवून घेतला असेल तर प्लीज सांगा, बादली पडली तरी अलार्म वाजतो का, आणि टाइल्सना ड्रिल करावं लागतं का?