ओटीपी दिला आणि गांधीलमाश्या राहिल्या

आमच्या इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की कूलर उघडायचे, हा घरोघरचा नेम. खस बदलायची, टाकी घासायची, पंप चालतो का बघायचं. आमच्याकडे मात्र सलग तीन वर्षं कूलरवरची ताडपत्री कोण काढणार यावरून वाद व्हायचा, कारण ताडपत्रीखाली गांधीलमाश्या असायच्या. यंदा नव्हत्या. का नव्हत्या तेच सांगायला बसलेय. पण त्याआधी त्या पेस्ट कंट्रोलवाल्यांबद्दल बोलून घेते, नाहीतर पोटात राहील.

घर रामबागेतलं, सासऱ्यांच्या वेळचं. वरच्या मजल्यावर सागवानी कठड्याची गॅलरी, तिला लागून लोखंडी चौकोनी पाइपांचं स्टँड, त्यावर कूलर. कठड्याला वीसेक वर्षांत पॉलिश झालेलं नाही. दुपारी सगळीकडे सामसूम असली की कठड्यावर बसलेली गांधीलमाशी लाकूड खरवडताना चक्क ऐकू येते. कुर्र कुर्र, अगदी बारीक. खरवडत ती मागे मागे सरकते आणि लाकडावर फिकट रेघ उरते. तो भुसा थुंकीत कालवून त्या कागद करतात आणि कागदाचं पोळं बांधतात. सासूबाई म्हणायच्या, "लाकूडही आपलं, जागाही आपली, आणि वर आपल्यालाच चावतात."

पहिल्या वर्षी मुठीएवढं पोळं होतं, ह्यांनी लांब बांबूने पाडलं आणि धावत आत आले. दुसऱ्या वर्षी कूलरमागे एक आणि छज्ज्याखाली एक, अशी दोन. त्या वर्षी माझ्या मनगटावर डसली, एकच, पण दोनदा. मधमाशीचा काटा आपल्या अंगात राहतो आणि ती मरते. हिचा काटा हिच्याकडेच राहतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. बांगड्या मी लगेच काढल्या नाहीत, ही चूक. तासाभरात हात असा सुजला की सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. तेव्हा हातावर डसली तर आधी अंगठी-बांगड्या उतरवा, मग बर्फ. सासूबाईंनी लोखंडी किल्ली घासली, त्यांच्या समाधानासाठी घासू दिली, पण आराम बर्फानेच पडला. अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा चक्कर आली तर मात्र किल्ली नाही आणि बर्फही नाही, सरळ दवाखाना.

म्हणून तिसऱ्या वर्षी वर्षाचं कंत्राट घेतलं. नाव सांगत नाही, पण मोठी कंपनी, गणवेश वगैरे. बत्तीसशे रुपये. घेताना विचारलं होतं, गांधीलमाश्या यात येतात ना? "सब आता है मॅडम." एप्रिलमध्ये फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, झुरळं, मुंग्या आणि उंदीर येतात, "फ्लाइंग" येत नाही. मी म्हटलं, झुरळही उडतं. ती हसली नाही. अर्ध्या तासाच्या वादानंतर "या वेळेपुरतं" म्हणून तक्रार नोंदवून घेतली.

माणूस आला दुपारी बारा वाजता. आता बारा वाजता इंदुरात एप्रिलचं ऊन कसं असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. त्या वेळी निम्म्या माश्या बाहेर असतात, कोणी अळ्या शोधत, कोणी पाणी आणायला. पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात, पोळं थंड ठेवायला. आणि पाणी कुठलं, तर आमच्याच कूलरच्या टाकीतलं! म्हणजे कूलर आम्ही चालवतो आणि गारवा दोघांना. त्या मुलाने दिसलं तेवढ्या पोळ्यावर फवारा मारला, पोळं खाली पडलं, आणि पंप खांद्याला लावून म्हणाला, "मॅडम, ओटीपी आया होगा, बता दीजिए."

मी दिला. हीच ती गोष्ट जिच्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. ओटीपी सांगितला त्या क्षणी मोबाइलवर निरोप आला, तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. संध्याकाळी पाच वाजता बाहेर गेलेल्या परत आल्या. पोळं जागेवर नाही म्हणून त्याच जागी लोखंडाला चिकटून बसल्या, झुपकाच्या झुपका. चार दिवसांत नव्या घरांची सुरुवात.

पुन्हा फोन. "मॅडम, तुमची तक्रार बंद दिसतेय." मग उघडा. "बंद झालेली उघडत नाही, नवी करावी लागेल." मग नवी करा. "त्याच तक्रारीची नवी तीस दिवसांच्या आत घेता येत नाही." हे वाक्य मी तिला दोनदा म्हणायला लावलं. शेवटी तिने प्रकार बदलून "मुंग्या" या नावाखाली नोंद केली. दुसरा माणूस मुंग्यांची जेल घेऊन आला. वर बघितलं, खाली बघितलं, "ये तो बर्र है" म्हणाला आणि मुकाट्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जेल लावून गेला. जाताना ओटीपी मागितला. या वेळी मी म्हटलं, भैया, काम झाल्यावर. तो ओट्यावर बसून राहिला. वीस मिनिटं. त्याचाही दोष नाही, ओटीपीशिवाय त्याची हजेरी लागत नाही. मी चहा दिला, ओटीपी नाही दिला.

त्यानंतर सुपरव्हायझरशी बोलायचं ठरवलं. फोन लावला की सात मिनिटं संगीत, मग "सर मीटिंगमध्ये आहेत", मग पुन्हा संगीत. माझं म्हणणं एवढंच होतं, दिवे लागल्यावर माणूस पाठवा. अंधार पडला की सगळ्या पोळ्यावर परततात आणि गप्प बसतात, तेव्हाच सगळ्या एकदम मिळतात. उत्तर ठरलेलं, "सहानंतर आमची सर्व्हिस नाही." म्हणजे माश्या घरी असतात तेव्हा हे घरी, आणि हे येतात तेव्हा माश्या बाहेर.

त्या होल्डच्या संगीतावर मी गांधीलमाश्यांबद्दल बरंच वाचून काढलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडागकर यांनी आपल्याकडच्या एका जातीचा कित्येक वर्षं अभ्यास केलाय. त्या जातीत राणी काढून टाकली की कामकऱ्यांपैकी एक जण लगेच भांडकुदळ होते आणि काही दिवसांत तीच राणी होऊन बसते. कारभार थांबत नाही. इकडे सुपरव्हायझर आठ दिवस रजेवर गेला तर त्याच्या खुर्चीत बसायला कोणी नाही.

आमचा प्रश्न सोडवला तो त्याच कंपनीच्या तिसऱ्या मुलाने, कंपनीला न सांगता. दिवसा येऊन त्याने फवारा मारलाच नाही. गॅलरीत उभा राहून पाच मिनिटं नुसता बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, छत्ता बाहर नहीं, अंदर है. पाइप में." स्टँडच्या चौकोनी पाइपांची तोंडं उघडी होती आणि माश्या एकामागून एक त्यात शिरत होत्या. तीन वर्षं आम्ही बाहेरचं पाडत होतो आणि घर पाइपात होतं. ड्यूटी संपल्यावर पावणेआठला स्वतःच्या मोटारसायकलवर आला. अंगात जाड जॅकेट, तोंडावर जाळी, टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद, कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. कूलरचा प्लग आधी काढायला लावला. पाइपात पावडर मारली, ओल्या फडक्याचे बोळे कोंबले, आणि आम्हाला सकाळपर्यंत गॅलरीचं दार उघडायचं नाही म्हणाला. तीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होते, घेतले नाहीत. निघताना म्हणाला, "पाइप बंद करवा लो, नहीं तो अगले साल फिर आना पड़ेगा."

पाइपाची तोंडं बंद करायच्या प्लास्टिकच्या टोप्या सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात मिळाल्या, पाच रुपयाला एक. आठ लागल्या. भिंतीकडच्या एका तोंडाशी हात पोचत नव्हता, तिथे एम-सील भरलं. बत्तीसशेचं कंत्राट आणि चाळीस रुपयांच्या टोप्या, हा हिशोब ह्यांच्यासमोर काढायचा नाही असं ठरलंय.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मधमाश्या असतील तर मारू नका, त्या नेणारी माणसं असतात, त्यांना बोलवा. मधमाशी लवदार असते, गांधीलमाशी गुळगुळीत, कंबर बारीक, उडताना पाय लोंबकळत. आणि भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण एकटी राहते, सहसा डसत नाही, तिला राहू द्या. शेजारच्या काकूंनी रॉकेलच्या बोळ्याने पोळं जाळा म्हणून सुचवलं होतं. लाकडी गॅलरीत! जुनं पोळं पाडलं की त्याचा देठही खरवडून काढा आणि जागा साबणाने धुवा, तीच जागा त्यांना पुन्हा आवडते. कठड्यालाही मी यंदा पॉलिश करून घेतलं. मार्चपासून दर रविवारी छज्जा आणि रोशनदान, म्हणजे भिंतीतला वरचा झरोका, बघायचं. सुरुवातीला पोळ्यावर बहुधा एकटी राणीच असते, चार घरं बांधलेली. तेव्हा लांब झाडू पुरतो.

गेल्या रविवारी रोशनदानाखाली तसलं एक सापडलं. राणी उडाल्यावर पाडलं, रुपयाच्या नाण्याएवढं. सकाळी कचरागाडी आली तेव्हा माझी पंचाईत, हे ओल्यात टाकायचं की सुक्यात? आमचं शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं, इथे चुकीच्या डब्यात टाकून चालत नाही. गाडीवाल्याने तळहातावर घेऊन उलटसुलट बघितलं. "कागज जैसा है," म्हणाला, "सूखे में डाल दो."